वज्रदलाचा बेपत्ता सेनापती

१

शनिवारी सकाळी काचेचे कपाट उघडले तेव्हा त्यात अकरा सैनिक उभे होते. बाराव्याच्या जागी हिरव्या मखमलीवर त्याच्या पावलांचे दोन पुसट ठसे तेवढे उरले होते.

नाहीसा झालेला सैनिक वीतभर उंचीचा होता आणि शिवणीच्या लाकडातून कोरलेला होता. एवढ्याशा वस्तूसाठी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक अख्खा कारखाना श्वास रोखून उभा होता. 'वज्रदल' नावाची चित्रमालिका जानेवारीपासून दूरदर्शनच्या पडद्यावर यायची होती. तिच्यातले बारा योद्धे प्लास्टिकमध्ये ओतून देशभरच्या मुलांच्या हाती द्यायचे होते. हातात बंदूक, गुडघ्यात आणि कोपरात सांधा, किंमत बावीस रुपये. युद्ध इतके स्वस्त आणि इतके सुबक करून मुलांना विकण्याची कल्पना ज्या मोठ्या माणसांना सुचली त्यांच्याविषयी पद्मावतीबाईंचे मत छापण्याजोगे नव्हते. तरीही मालिकेचे मराठी संवाद त्याच लिहीत होत्या, आणि त्याला कारण ते बारा पुतळे होते.

पद्मावतीबाई म्हापशाच्या महाविद्यालयातून मराठीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या. पेडणे आणि डिचोली महालांतल्या गावोगावच्या बोलीतले शब्द चिठ्ठ्यांवर टिपून ठेवण्याचे काम त्यांनी तीस वर्षे केले होते. गोवा घटक राज्य होऊन दोन वर्षे झाली होती. त्याआधी मराठी की कोंकणी या प्रश्नावर याच रस्त्यांवर दगड उडाले होते. दगड मारणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. बाईंचा राग तेव्हापासून थंड झाला होता आणि थंड झाल्यामुळे टिकला होता.

पुतळे पाहिले त्या दिवशी मात्र बाईंचे शब्द संपले होते. पेडण्याच्या चित्रशाळेत पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवणाऱ्या विठ्ठलमामांनी ते कोरले होते. बाराव्या पुतळ्यासमोर, सेनापती रुद्रभानासमोर, माणसे नकळत आवाज खाली करीत. तो चेहरा शूर नव्हता. दिवसभराचे काम संपवून कोणाला तरी घराकडे येताना पाहावे तसा तो पाहत असे. सैनिकाला असे डोळे देण्याचे धाडस कोणी केलेले बाईंना माहीत नव्हते.

"बाई, सोमवारी साचे करणारे येतायत," मुंबईहून आलेला प्रज्योत म्हणाला. चित्रमालिका आणि कारखाना यांचा मेळ घालणारा हा तरुण व्यवस्थापक सकाळी बाईंना बोलावून घेतल्यापासून तेच वाक्य घोकत होता. "रुद्रभान नसेल तर साचा नाही, खेळणं नाही, आणि खेळण्यांशिवाय मालिकाही नाही. आणि विठ्ठलमामा सांगतात, असा दुसरा होणार नाही."

"फाटकावर झडती?"

"रोजच होते. डबेसुद्धा उघडतात, माझाही. कोणाच्याही पिशवीतून तो बाहेर गेलेला नाही. आणि आत कुठेही नाही. कौलं काढायची तेवढी बाकी आहेत."

"दळणयंत्र?" वाया गेलेले नग फोडून त्यांचा भुगा करणारे एक यंत्र कारखान्याच्या मागच्या बाजूला होते.

"कालपासून वीज नाही. आतलं पातं स्वच्छ आहे, मी हात घालून पाहिलं."

वीतभर सैनिक फाटकातून गेला नव्हता, फुटला नव्हता आणि होता त्या जागी नव्हता.

२

कपाटाची किल्ली कचेरीतल्या खिळ्याला टांगलेली असे. तिथवर जाणारी माणसे चार. संशय मात्र चौथीवरच होता. चौथी होती हौसा, चंदगडकडून तीन महिन्यांपूर्वी आलेली कामगार. खोकी गाडीत भरायची आणि कपाट पुसायचे ही तिची कामे.

"ती रोज त्या पुतळ्यासमोर उभी राहते," पर्यवेक्षक गुरुदास म्हणाला. "फडके हातात असते, पण पुसणे बंद. प्राध्यापिकाबाई, परप्रांतीय मजुरांविषयी माझा पूर्वग्रह नाही. मी स्वतः सहा वर्षे खाणीवर मुकादम होतो, ही जमात मला ठाऊक आहे. पाच वाजेपर्यंत वस्तू मिळाली नाही तर पोलिसांना पाचारण करावे लागेल."

गुरुदास डिचोलीचाच. मराठीच्या मोर्च्यात तो सर्वांत पुढे होता. कारखान्याच्या फाटकावर 'येथील सर्व व्यवहार शुद्ध मराठीत होतील' अशी पाटी त्यानेच लावली होती. वाया गेलेल्या मालाच्या खोक्यावर 'त्याज्य' असे लिहावे असाही त्याचा फतवा होता. कामगारांपैकी निम्म्यांना तो शब्द उच्चारता येत नव्हता, म्हणून ते फुली मारीत.

"फतवा हा शब्द शुद्ध मराठी आहे का हो, गुरुदासबाब?" रंगखात्याची प्रमुख संजना मागून म्हणाली. ती तेरेखोलच्या काठावरची, कोंकणीच्या बाजूची, आणि जिभेने तिखट. "हे म्हणतात कोंकणी ही भासच न्हय. मगे माझी आवय चाळीस वर्सां काय शिट्ट्यो मारता?"

बाई हसल्या. त्यांनी संजनाला समोर बसवून चहा पुढे केला.

"नको गे बाई, माका च्याय नको. पोट जळता." ती जरा थांबली. "हौसान घेतलां नसतला. चोर असो बघत नाय. मी रंगकाम करतंय, माका कळता कोण कसो बघता तां."

प्रज्योतने वेगळीच माहिती दिली. गुरुवारी त्याने साऱ्या कारखान्याला पहिला भाग दाखवला होता. "शेवटच्या चौकटीत कॅमेरा रुद्रभानच्या गळ्यापर्यंत जातो. त्याच्या गळ्यात तांदळाएवढा एक बिल्ला आहे ना, त्यावर 'सु ४१' कोरलंय. तो बिल्ला पडदाभर! दर रविवारी! त्याचा अर्थ काय म्हणून मुलं वेडी होतील."

"अर्थ काय आहे?"

"कोणाला माहीत! मामांनी कोरलं, आम्ही ठेवलं. गूढ आहे, बाई. गूढ विकलं जातं."

हौसा सर्वांत शेवटी आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर आधीच दोषी ठरलेल्या माणसाची शांतता.

"हौसाबाई, त्याच्यासमोर का उभ्या राहता?"

"बगत हुते."

"काय?"

"डोळं." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "आमच्यातल्या एकाचं तसं हाईत. मालक आमचं. सुर्ल्याच्या खाणीवर हुतं. आषाढात काम सोडून म्हमईला गेलं म्हून सांगितलं मला. चार वर्सं झाली. फोटू न्हाई माज्याजवळ. मग त्याच्याकडं बगायचं." आणि मग एकदम, दात आवळून, "बगायचं आन मनात शिव्या द्यायच्या. बायकू टाकून गेलेल्याला आनि काय द्यायचं?"



"मालकांचं नाव काय?"

हौसाने पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहिले. नवऱ्याचे नाव ती घेणार नव्हती. पुढचा प्रश्न बाईंनी केवळ तिचा संकोच जावा म्हणून विचारला.

"काल दिवसभर काय काम केलंत?"

"रोजचंच. गाडी भरली. म्हापशाची तीन खोकी, फोंड्याची दोन, आन नाक्याचं एक."

"नाक्याचं?"

"व्हय की. मागल्या बोळात पडलं हुतं. वर लिव्हलं हुतं. चवथी शिकलीया मी."

कोल्हापूर-बेळगावकडे जाणारा माल पत्रादेवीच्या नाक्यावर वाहतूकदाराच्या शेडमध्ये उतरवला जाई, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी प्रज्योतकडे पाहिले. त्याचा रंग उतरला होता.

"नाक्याचा माल फक्त मंगळवारी जातो," तो म्हणाला. "काल शुक्रवार होता."

३

जीपने पत्रादेवी गाठायला दीड तास लागला. शेडच्या कोपऱ्यात एक बेवारशी खोके पडले होते. कोणाच्या नावाचे नाही, कुठल्या गावाचे नाही. राखणदार त्यावर पाय ठेवून बसला होता.

खोक्यात वाकडेतिकडे ओतलेले, हात तुटलेले प्लास्टिकचे सैनिक होते. निदान दोनशे. प्रज्योतने एकेक मूठ बाहेर काढली. तळाशी, त्या मोडक्या सैन्याखाली, रुद्रभान उताणा पडला होता. त्याला ओरखडाही नव्हता.

राखणदाराने तेवढ्यात पाय खाली घेतला होता. त्याला कोणी सांगितले नव्हते.

"अरे देवा," तो पुटपुटला, "हो कोण?"

बाईंनी पुतळा हातात घेतला. शेडच्या पत्र्यातून उन्हाची एक तिरीप येत होती आणि तिच्यात ते डोळे कोणाची तरी वाट पाहत होते. पुराणांतल्या, इतिहासांतल्या सेनापतींची वर्णने बाईंनी आयुष्यभर शिकवली होती. त्यांतला एकही असा घरी यायला निघालेला त्यांना आठवेना.

"बाई, वाईट वाटतं, पण गुरुदास बरोबर होता," प्रज्योत म्हणाला. "हौसाने लपवून नाक्यावर पाठवला. इथून तिच्या गावचे ट्रक जातात."

"आणि ज्यातून चोरी केली त्या खोक्याविषयी तिने स्वतःहून मला सांगितले?" बाईंनी खोके उलटे केले. बाजूला निळ्या पेन्सिलीने घाईत दोनच अक्षरे लिहिली होती: नाका.

बाई त्या दोन अक्षरांकडे इतका वेळ पाहत राहिल्या की प्रज्योतला वाटले, त्यांची तब्येत बिघडली.

"प्रज्योत, परत जाताना पेडण्याला थांबायचे. विठ्ठलमामांना सोबत घ्यायचे."

चित्रशाळेत मामा पाटावर बसून रंधा घासत होते. पुतळा पाहताच त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आधी पावले तपासली.

"मामा, हा चेहरा कोणाचा?"

"जयवंताचो. चंदगडचो झील. खाणीर काम करी आणि चवथीच्या आधी सुटयेक माझ्याकडे माती मळूक येय. तेच्यासारखी माती कोणी मळली नाय, बाय. तो माती मळी तेव्हा मी काम सोडून बघत रवय."

"हा बिल्ला?"

"तेच्या गळ्यात होतो तो. सुर्ल्याच्या खाणीचो, म्हणान 'सु'. काम सोडताना परत देवचो लागता."

"शेवटचा कधी पाहिला त्याला?"

"नागपंचमीक," मामा क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "त्या दिसा मातयेक कोयती-फावडा लावूचा नसता. माझे हात रिकामे. तो पाळी संपवून आयलो, बिल्लो गळ्यात. मी म्हटलंय, बस, तुझा तोंड कागदार काढतंय. फाल्यां, दुसऱ्या दिसा, परत येतंय म्हणालो आणि गेलो. मागीर आयलो नाय."

"कुठल्या वर्षी?"

"दोन श्रावण इलेले त्या वर्सा."

म्हणजे पंच्याऐंशी. आषाढ संपल्यावर आधी अधिक श्रावण गेला होता आणि त्यानंतरच्या श्रावणातली ती नागपंचमी. आषाढात खाण सोडून मुंबईला गेलेला माणूस दीड महिन्याने पेडण्यात बसून होता आणि काम सोडणाऱ्याने परत द्यायचा बिल्ला त्याच्या गळ्यात होता.

प्रज्योतने जीप सुरू केली. पेडणे मागे पडले. "बाई," तो शेवटी म्हणाला, "हा चेहरा मी मुलांना विकणार होतो."

४

चार वाजता कचेरीत सगळे जमले. रुद्रभान टेबलावर होता. विठ्ठलमामा दाराशी उभे होते. गुरुदासने पुतळा पाहिला आणि लगेच हौसाकडे बोट दाखवले. "नाक्यावर मिळाला ना? मी काय म्हणत होतो?"

"नाक्यावर मिळाला हे तुम्हाला कोणी सांगितले?" बाईंनी विचारले.

"राखणदाराने... आत्ता जीपमधून उतरताना कोणीतरी बोलले."

"असेल. त्याला मी महत्त्व देत नाही." बाईंनी खोक्याचा अक्षरांपुरता कापून आणलेला तुकडा टेबलावर ठेवला. "हे वाचा. प्रज्योत?"

"नाका. म्हणजे पत्रादेवीचा."

"हौसाबाई?"

"नाका. म्हून तर नाक्याच्या ढिगात ठेवलं."

"मराठी माणूस असेच वाचणार. पण ज्याने लिहिले त्याला हा अर्थ नको होता. पत्ता लिहिणारा मंगळवारचा माल शुक्रवारी पाठवणार नाही, खोके मागच्या बोळात टाकणार नाही, त्यात दोनशे मोडके नग भरणार नाही. बोळात दळणयंत्र आहे. त्यावर काम करणारा मंगेश डिचोलीचा. शनिवारी तो बोळातला टाकाऊ माल दळतो, आणि खोक्यावर जे लिहिलेले असेल ते घरच्या भाषेत वाचतो. कोंकणीत 'नाका' म्हणजे नको. ठेवू नये असे. फोडून टाक."

बाईंनी पुतळा त्या तुकड्याशेजारी सरकवला.

"पुतळा चोरायचा नव्हता. त्याचा भुगा करायचा होता. वीज गेली नसती तरी तो वाचलाच असता, कारण चवथी शिकलेल्या एका बाईने त्या शब्दाचा मराठी अर्थ लावला आणि शुक्रवारीच खोके गाडीत भरले. तिच्या चुकीने वाचलेल्या वस्तूच्या चोरीसाठी आपण तिला सकाळपासून उभे केले आहे."

गुरुदास सावकाश म्हणाला, "मग उघडच आहे. कोंकणी लिहिणारी इथे एकच व्यक्ती आहे." त्याने संजनाकडे पाहिले.

"आं?" संजना उसळली. "माझा नाव घेतास?"

"तू गप्प बस, संजना," बाई म्हणाल्या. "तुला सकाळी चहा दिला तेव्हा तू काय म्हणालीस?"

"माका च्याय नको, म्हटलंय."

"नको. तिच्या घरी, तेरेखोलच्या काठावर, 'नको' म्हणतात. तिथल्या बोलीची माझी चिठ्ठी एकोणीसशे बासष्टची आहे. प्रज्योतला हा शब्दच ठाऊक नाही. हौसाबाईंना नाही. 'नाका' हा डिचोलीच्या घरातला शब्द आहे. लहानपणी ताटात नावडते वाढले की जो तोंडातून पहिला बाहेर पडतो, तो. सगळ्यांवर 'त्याज्य' लिहिण्याची सक्ती करणारा माणूस घाबरला, घाईने लिहू लागला, आणि पेन्सिलीतून त्याच्या आईची भाषा बाहेर आली. जी भाषाच नाही असे तो सभांमधून सांगत होता."

"ही विद्वत्ता झाली," गुरुदास म्हणाला. त्याचा आवाज मात्र शुद्ध राहिला नव्हता. "पुरावा नव्हे. एका बाहुल्याचा मला काय त्रास?"

"बाहुल्याचा नाही. बिल्ल्याचा. गुरुवारी तो पडदाभर झालेला तुम्ही पाहिलात, शुक्रवारी पुतळा कपाटातून गेला. सुर्ल्याचे मुकादम तुम्हीच होता ना? मामा, तो कोणाचा चेहरा आहे ते पुन्हा सांगा."

"जयवंताचो," विठ्ठलमामा म्हणाले. "नागपंचमीक माझ्यासमोर बसललो. बिल्लो गळ्यात."

ते नाव ऐकताच हौसाने पदर डोक्यावरून पुढे घेतला, आणि मग तसाच हात वर ठेवून ती गुरुदासकडे वळली.

"नागपंचमीला?" ती म्हणाली. "सायेब, तुमी तर सांगितलं, आषाढात गेलं. कचेरीच्या पायरीवर हुबं ऱ्हाऊन सांगितलं. बिल्ला परत दिला म्हनून सांगितलं. चार वर्सं मी त्यास्नी शिव्या दिल्या!"

ती दोन पावले पुढे आली. गुरुदास मागे सरकला, भिंतीला लागला, आणि मग त्याच्या तोंडून जे आले ते मोर्च्यांच्या मराठीतले नव्हते.

"मोडूंक दवरिल्लें तें तुवें नाक्यार कित्याक धाडलें गो?"

मोडायला ठेवले होते ते तू नाक्यावर का पाठवलेस. सबंध वाक्यात एक अक्षर चुकलेले नव्हते. संजनाने तोंडावर हात ठेवला. चार वर्षांत गुरुदासला कारखान्यात इतके स्वच्छ, इतके जिवंत बोलताना कोणी ऐकले नव्हते, आणि ऐकले ते हे.

पाचला पोलीस आले. त्यांना बोलावण्याचा आग्रह त्याचाच होता.

५

उरलेले त्याने खुर्चीत बसून सांगितले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मातीच्या टेकाडाला चीर गेली होती. टोळीतल्या माणसांनी खाली उतरायला नकार दिला होता. जयवंत नवखा नव्हता, पण भिडस्त होता. मुकादमाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो एकटा उतरला. टेकाड त्याच्यावर बसले. टोळी त्याच आठवड्यात पांगवण्यात आली. शोधायला निघालेली बायको कचेरीच्या पायरीशी आली तेव्हा एका वाक्यात माणूस जिवंतही ठेवता येतो आणि नाहीसाही करता येतो, हे मुकादमाच्या ध्यानात आले.

रविवारी सकाळी पोलिसांची गाडी सुर्ल्याला गेली. हौसाने एकच मागणी केली होती: जागा त्याने स्वतः चालत जाऊन दाखवावी.

पद्मावतीबाई आयुष्यभर डिचोलीत राहिल्या होत्या आणि खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ते ढिगारे त्यांनी बसच्या खिडकीतून हजारदा पाहिले होते. पायथ्याशी त्या पहिल्यांदाच उभ्या राहत होत्या. चार वर्षांत ढिगारा डोंगर झाला होता. लाल, उघडा, झाडाचे एक पान नसलेला. त्याच्या माथ्यावरून चाललेले यंत्र मुंगीएवढे दिसत होते. माणसांनी हे हातांनी आणि यंत्रांनी रचले यावर विश्वास बसत नव्हता. देवांनी रचले असते तर कुठेतरी दया दिसली असती. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

गुरुदास दोन पोलिसांमधून चालत गेला. एका ठिकाणी त्याचे पाय थांबले. त्याने हात केला, फार वर नाही, फार खाली नाही. "हांगा," तो म्हणाला.

प्रज्योतने रुद्रभान फडक्यात गुंडाळून आणला होता. तो त्याने हौसापुढे धरला. तिने मान हलवली.

"त्यो ठेवा तुमच्याजवळ. सायबांनी चार वर्सं ह्यास्नी कुठंच ठेवलं न्हवतं. तुमी निदान पोरांच्या घरात ठेवाल." मग तिने बाईंकडे पाहिले. "बाई, तुमी त्याचं बोलनं लिवता न्हवं? ते कमी बोलायचं. लई बोलाय लावू नगासा."

"नाही लावणार," पद्मावतीबाई म्हणाल्या.

हौसाने पायांतल्या चपला काढल्या. जोडीने, नीट, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा बाजूला ठेवल्या आणि लाल मातीवर अनवाणी पाऊल टाकले. विठ्ठलमामांनी वहाणा काढल्या. बाईंनी काढल्या. प्रज्योत वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला, आणि त्याच्या मागे, कोणाची आज्ञा नसताना, पोलीस उपनिरीक्षकाने टोपी काखेत धरून आपले जड बूट उतरवले.

गुरुदासही वाकला. त्याचा हात बुटापर्यंत गेला होता.

"तुमचं ऱ्हाऊ देत पायात," हौसा मागे न पाहता म्हणाली, आणि चढू लागली.